चार्जशीटची छाननी कशी करावी: तालुक्याच्या कोर्टात नव्याने रुजू झालेल्या सरकारी वकिलांसाठी

तालुक्याच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून रुजू झालात की रिमांड, जामीन अर्जांवरचं म्हणणं आणि साक्षी यांतच दिवस जातो. चार्जशीट वाचायची ती जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर कोर्ट उठल्यावर. त्यातच पैरवी अंमलदार, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारा पोलीस, पुढ्यात उभा राहतो, "साहेब, तेवढं बघून द्या, उद्या साठावा दिवस आहे." मग घाईत पानं मोजली जातात, अनुक्रमणिका जुळते का बघितलं जातं आणि 'छाननी केली' असा शेरा पडतो. तोच खटला काही वर्षांनी साक्षीला लागतो तेव्हा लक्षात येतं की जखमीचा एक्स-रे कधी जोडलाच नव्हता. तोवर तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात आणि फिर्यादीचं कोर्टावरून मन उडालेलं असतं. असे खटले छाननीच्या दिवशीच हरलेले असतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून चार्जशीट टेबलावर आल्यापासून दोषारोप ठेवला जाईपर्यंत, म्हणजे कोर्ट आरोपीला त्याच्यावरचा आरोप रीतसर सांगेपर्यंत, काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

आपला अधिकार कुठपर्यंत

पूर्वी खालच्या कोर्टात खटले चालवणारे पोलीस प्रॉसिक्युटर पोलीस खात्याच्याच हाताखाली असत. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वेगळा संवर्ग करा आणि त्यांना पोलीस खात्यापासून पूर्ण अलग ठेवा, असं राज्य सरकारला बजावलं. आज आपण अभियोग संचालनालयाचे अधिकारी आहोत. ठाण्याच्या निरीक्षकाला आपण उत्तरदायी नाही आणि तोही आपल्याला नाही.

दुसरी बाजूही तितकीच पक्की ध्यानात ठेवा. चार्जशीट लावायची की नाही, हे ठरवणं तपासी अधिकाऱ्याचं काम आहे. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू (२०००) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी वकिलाचं मत घेऊन त्याप्रमाणे चार्जशीट लावा, असा आदेश कोर्टालाही देता येत नाही. तपासी अधिकारी आपणहून सल्ला मागू शकतो, आपण तो द्यावा. याचा व्यवहारातला अर्थ असा: चार्जशीट अडवून ठेवू नका, 'अमुक आरोपी घाला' किंवा 'काढा' असा हुकूम सोडू नका. उणिवा लेखी दाखवा, तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी सांगितलेलं महिनाभराने कोणालाच आठवत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने या कामाला आता कायद्यातच जागा दिली आहे. सात वर्षं ते दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांतले पोलीस अहवाल तपासणं आणि त्यांवर लक्ष ठेवणं उपसंचालकांकडे आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या खटल्यांवरची देखरेख सहायक संचालकांकडे आहे. तुमचं टिपण त्यांच्यापर्यंत जाऊ शकतं, हे धरूनच लिहा.

सगळ्यात आधी तारीख

आरोपी कोठडीत असेल तर पहिलं पान उघडण्याआधी दिवस मोजा. सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) प्रमाणे चार्जशीट दाखल करायला मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. मोजणी अटकेपासून नाही, दंडाधिकाऱ्यांनी पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून होते, आणि तो दिवसही धरायचा. कपिल वाधवान प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद संपवला. पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल तर साठावा दिवस २९ एप्रिल आणि नव्वदावा २९ मे. ३० एप्रिलला चार्जशीट आली आणि त्याआधी आरोपीने अर्ज दिला असेल तर जामीन हा त्याचा हक्क आहे. नंतर चार्जशीट लावून तो हक्क काढून घेता येत नाही, हे एम. रवींद्रन (२०२०) प्रकरणात स्पष्ट झालं आहे. शेवटचा दिवस रविवारी येतो म्हणून सोमवारी चालेल, या भरवशावर अजिबात राहू नका.

कधी कधी वाढीव दिवस मिळावेत म्हणून जड कलम लावलेलं असतं. कागदात त्या कलमाला आधार नसेल तर नव्वद दिवस धरून चालणं धोक्याचं आहे. शंका असेल तिथे साठच धरा आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास ठाण्याला आठवण द्या. त्यासाठी रिमांडची स्वतंत्र वही ठेवा: गुन्हा रजिस्टर नंबर, पहिल्या रिमांडची तारीख, साठावा दिवस, नव्वदावा दिवस. ही वही कारकुनावर सोपवू नका.

सरकारी नोकर आरोपी असेल आणि खटला चालवायची मंजुरी आलेली नसेल, तरी चार्जशीट वेळेत दाखल व्हायलाच हवी. सुरेशकुमार भिकमचंद जैन प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार्जशीट मुदतीत दाखल झाली असेल तर केवळ मंजुरी नाही म्हणून मुदत टळल्याचा जामीन मिळत नाही. कलम २१८ प्रमाणे सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. तसं झालं नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं. म्हणून मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पोहोचला त्याची पोच फाईलला हवी.

तारखेचा आणखी एक प्रश्न असतो, कोणता कायदा लागू होतो याचा. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडला असेल तर कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात, फिर्याद नंतर नोंदली असली तरी. फसवणुकीच्या प्रकरणांत घटना वर्षानुवर्षं पसरलेली असते, तिथे हे बारकाईने बघा. छोट्या गुन्ह्यांत कोर्टाने दखल घेण्याची सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ची मुदतही तपासा: फक्त दंडाचा गुन्हा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत शिक्षेचा असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. नव्या संहितेने ही मुदत मोजताना फिर्याद नोंदल्याची तारीख धरायला सांगितली आहे, त्यामुळे जुनी धावपळ थोडी कमी झाली आहे.

वाचायचं कसं: कलमापासून मागे

नवे सहकारी फिर्यादीपासून वाचायला घेतात. फिर्याद वाचली की मन तिच्या बाजूने झुकतं आणि पुढचे कागद त्याच नजरेने वाचले जातात. मी उलटं सुचवतो. आधी फक्त लावलेली कलमं बघा. कोऱ्या कागदावर प्रत्येक कलमाचे घटक लिहा. मग प्रत्येक घटकापुढे लिहा: हे कोर्टात कोण सांगणार, कोणता कागद दाखवणार. ज्या घटकापुढची जागा कोरी राहील ती तुमची त्रुटी. फिर्याद सगळ्यात शेवटी वाचा.

एक नेहमीचं प्रकरण घेऊ. शेताच्या बांधावरून दोन घरांत भांडण. फिर्याद अशी की चौघांनी मिळून फिर्यादीच्या भावाला कुऱ्हाडीने मारलं, हात मोडला, शिवीगाळ केली, जिवे मारायची धमकी दिली. ठाण्याने दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची ११८(२), १८९, १९०, १९१, ३५२, ३५१ अशी कलमं लावली आहेत.

आधी माणसं मोजा. आरोपी चार. बेकायदा जमावाला पाच किंवा अधिक माणसं लागतात. पाचवा अनोळखी इसम होता असं कोणत्याच जबाबात नसेल तर १८९, १९०, १९१ टिकत नाहीत. तिथे ३(५) चा समान उद्देश लागू होतो का ते बघावं लागेल. त्यासाठी चौघांपैकी प्रत्येकाने काय केलं हे जबाबांत वेगवेगळं आलेलं हवं. 'सर्वांनी मिळून मारहाण केली' या एका वाक्यावर चौघांना उभं करता येत नाही.

आता जखम. ११८(२) ला दोन गोष्टी लागतात: दुखापत गंभीर असणं, आणि ती भोसकायच्या, कापायच्या वा तशाच घातक साधनाने झालेली असणं. वैद्यकीय दाखला उघडा. त्यात 'ग्रीव्हस' असं लिहिलंय. कशावरून? 'उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर'. मग एक्स-रे प्लेट कुठे आहे, रेडिओलॉजिस्टचा अहवाल कुठे आहे? ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात पाठवलं असेल तर कागद तिकडेच राहतात, आणि इथल्या डॉक्टरांनी नुसत्या अंदाजाने दाखला दिलेला असतो. फ्रॅक्चर नसेल आणि तीव्र वेदनांवर किंवा रोजची कामं न करता येण्यावर भिस्त असेल, तर जुन्या कायद्यातले वीस दिवस नव्या कलम ११६ मध्ये पंधरा झाले आहेत. ठाण्यातले आणि दवाखान्यातले छापील नमुने अजून वीसच म्हणत असतील, तर तेही दाखवून द्या.

मग हत्यार. फिर्याद म्हणते कुऱ्हाड. दाखला म्हणतो 'कठीण व बोथट वस्तू'. बचावाचे वकील पहिल्या दहा मिनिटांत इथेच बोट ठेवणार. कुऱ्हाडीच्या पात्याने मारलं, तुंब्याने (पात्यामागच्या बोथट भागाने) मारलं की दांड्याने, हे जखमीला कोणी विचारलेलंच नसतं. तपासी अंमलदाराला लिहा की या मुद्द्यावर जखमीचा पुरवणी जबाब घ्यावा आणि जप्त हत्यार डॉक्टरांना दाखवून लेखी अभिप्राय घ्यावा. उत्तर मात्र सुचवू नका. 'तुंब्याने मारलं असं लिहून आणा' असं सांगणं म्हणजे साक्ष बनवणं. जखमी म्हणाला 'पात्याने', तर तेच लिहिलं जाईल, आणि मग दाखल्याशी मेळ बसत नाही ही वस्तुस्थिती घेऊनच आपल्याला उभं राहायचं आहे. अनेकदा खरं उत्तर सरळ असतं: तुंब्याने मारलं, हाड मोडलं. मग तो तुंबा कलमातल्या घातक साधनाच्या व्याख्येत बसतो का, की कलम ११७(२) योग्य, हे त्याचं वजन, वार कुठे बसला आणि डॉक्टरांचा अभिप्राय यांवर ठरेल. ११७(२) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा, ११८(२) ला जन्मठेपेपर्यंत. फरक एवढा मोठा असताना 'मोठं कलम राहू द्या, कोर्ट बघेल' असं म्हणणं अन्यायाचं आहे. आरोपी त्या कलमाखाली कोठडीत बसलेला असतो.

बांधाच्या भांडणात बहुतेकदा दुसऱ्या बाजूचीही फिर्याद असते. ती मागवा. दोन्ही चार्जशीट शेजारी ठेवून वाचा. आपल्या आरोपीच्या डोक्यालाही टाके पडले असतील आणि आपल्या एकाही साक्षीदाराने त्याबद्दल अवाक्षर काढलं नसेल, तर हे साक्षीदार काहीतरी लपवतात असं कोर्टाला वाटणारच. दोन्ही खटले एकाच कोर्टापुढे, एकापाठोपाठ चालावेत असा अर्ज वेळीच द्या.

पंचनामे, मुद्देमाल आणि मोबाईल

पंचनाम्यात वेळ, दिशा आणि अंतर बघा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात बांध कुठल्या दिशेला, रक्ताचे डाग कुठे, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभा होता ती जागा तिथून दिसते का, हे आलेलं हवं. पंच कोण आहेत तेही बघा. ठाण्याच्या दर पंचनाम्याला तीच दोन नावं येत असतील तर त्यांची साक्ष कोर्टात टिकणार नाही. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढून दिली असेल तर निवेदन पंचनाम्यात आरोपीचे शब्द त्याच्या तोंडचेच हवेत, आणि जागा सगळ्यांना खुली होती का याचा उल्लेख हवा.

मुद्देमालाचा प्रवास कागदावर जोडून बघा: जप्ती कधी, सील कोणी केलं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कोणत्या तारखेला, प्रयोगशाळेत कोण घेऊन गेलं, पोच कुठे. मधले दिवस माल कुठे होता हे सांगता आलं नाही की रासायनिक विश्लेषकाचा अहवाल कितीही चांगला असो, त्याचं बळ जातं. अहवाल अजून आला नसेल तर त्यासाठी चार्जशीट थांबवू नका. नंतर सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुरवणी अहवाल देता येतो. खटला सुरू झाल्यावर पुढचा तपास करायचा झाला तर कोर्टाची परवानगी आणि ९० दिवसांची मुदत लागते, म्हणून जे आता होऊ शकतं ते आताच करून घ्या.

सीसीटीव्ही, व्हॉट्सअॅप, कॉल रेकॉर्ड यांचं काम आता बरंच वाढलं आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा. दुसरा भाग कोरा असलेली प्रमाणपत्रं सर्रास येतात. दुकानदाराच्या डीव्हीआरवरचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे छाननीत ते सापडलं नाही तर बहुधा कायमचंच गेलेलं असतं. म्हणून पहिल्या रिमांडच्या वेळीच तपासी अंमलदाराला विचारा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. ते ई-साक्ष्य या पोलिसांच्या अॅपवर चढवलं का, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलं का, ते तपासा. इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यात होतं याचा क्रम चार्जशीटमध्येच देणं कलम १९३(३) ने सक्तीचं केलं आहे.

नेहमी निसटणाऱ्या गोष्टी

मनाई आदेश मोडल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २२३ लावून पोलीस सरळ चार्जशीट पाठवतात. पण सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे तिथे संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. ती नसेल तर कोर्टाला दखलच घेता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या गुन्ह्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला हवा आणि जातीचे दाखले दोन्ही बाजूंचे हवेत. पोक्सोमध्ये पीडितेचं वय हाच पाया. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आहे. शाळेच्या दाखल्यासोबत प्रवेश रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापक साक्षीदार म्हणून हवेत.

न्याय संहितेच्या कलम ८५ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या जुन्या ४९८-अ च्या प्रकरणांत नवऱ्याबरोबर सासू, सासरे, दीर, पुण्यात राहणारी नणंद आणि तिचा नवरा, सगळ्यांची नावं असतात. प्रत्येकापुढे घटना, तारीख, जागा लिहून बघा. जिच्या नावापुढे काहीच येत नाही तिच्याविरुद्ध पुरावा दिसत नाही असं टिपणात स्पष्ट लिहा. तिला तारखांना फिरवल्याने फिर्यादी बाईला न्याय मिळत नाही. उलट तिची खरी तक्रारही त्या गर्दीत पातळ होते. इथे सरकारी वकिलाने धाडस दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुरावाच नसेल तेव्हा

तेव्हा समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'अ', फिर्याद खोटी असेल तर 'ब', आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आली असेल तर 'क'. 'ब' समरीचा शेरा फिर्यादीला आयुष्यभर चिकटतो, त्यामुळे पुरावा कमी पडणं आणि फिर्याद खोटी असणं यांची गल्लत होऊ देऊ नका. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकणं भगवंत सिंग (१९८५) निकालापासून आवश्यक आहे. नोटिशीवर फिर्यादीची सही आहे का, की 'मिळून आला नाही' असा शेरा मारून कागद परत आलाय, ते बघा.

दाखल करताना

त्रुटी पुऱ्या झाल्या की चार्जशीट कोर्टाच्या फौजदारी कारकुनाकडे जाते, सीआयएस या कोर्टाच्या संगणक प्रणालीत नोंद होते, सीएनआर हा खटल्याचा कायमचा संगणकीय नंबर पडतो आणि आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) म्हणून खटल्याला क्रमांक मिळतो. तो लगेच आपल्या रजिस्टरला गुन्हा रजिस्टर नंबरासमोर लिहा. फिर्यादी विचारायला येतो तेव्हा त्याच्या हातात ठाण्याचाच नंबर असतो आणि बिचारा दोन्ही कार्यालयांत हेलपाटे घालतो.

आरोपी कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याला नकला मिळायला हव्यात, सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे. पीडिताचा वकील असेल तर त्यालाही. प्रती अस्पष्ट असतील तर आरोपीचा वकील तारखा मागत राहतो, म्हणून छाननीच्या वेळीच झेरॉक्स वाचता येते का ते बघा. वार्ताहरांनी मागितली तरी चार्जशीटची प्रत आपल्या कार्यालयातून देऊ नका. ती सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे सौरव दास (२०२३) निकालात सांगितलं आहे. लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

सत्र न्यायालयात चालणारा गुन्हा असेल तर दखल घेतल्यापासून ९० दिवसांत प्रकरण वर्ग व्हायला हवं. ही मुदत फार तर १८० दिवसांपर्यंत वाढते.

दोषारोपाचा मसुदा

दोषारोप कोर्ट ठेवतं, पण मसुदा आपण द्यावा. पुढे सगळी साक्ष त्याच चौकटीत बसवायची असते. वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, आरोपीला नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, आणि दोषारोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत कोर्टाने दोषारोप ठेवायचा असतो. मसुद्यात काळ, जागा, माणूस आणि कृती हवी. वरच्या प्रकरणात ११७(२) वर निर्णय झाला असेल तर असा:

'तुम्ही आरोपी क्र. १ यांनी दिनांक … रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मौजे … येथील गट नं. … च्या सामाईक बांधावर, फिर्यादीचा भाऊ … यास उजव्या मनगटावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने इच्छापूर्वक मारून त्याच्या मनगटाचे हाड मोडले आणि त्यायोगे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७(२) खाली शिक्षेस पात्र असलेला व या न्यायालयाच्या दखलेतील गुन्हा केला.'

धमकीचा दोषारोप वेगळा लिहा आणि त्यात आरोपीने वापरलेले शब्द जबाबात आले तसेच घाला. 'जिवे मारण्याची धमकी दिली' एवढंच लिहिलं तर आरोपीला नेमकं कशाचं उत्तर द्यायचं ते कळत नाही. आरोपीला मराठी येत नसेल, बांधकामावरचा किंवा ऊसतोडीला आलेला परराज्यातला मजूर असेल, तर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची नोंद रोजनाम्यात येते ना, याकडे लक्ष द्या.

नकला दिल्या त्याच दिवशी सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली कागदांची यादी बचावाला द्या: वैद्यकीय दाखला, नकाशा, प्रयोगशाळेचा अहवाल. कबूल की नाकबूल, हे त्यांनी नकला मिळाल्यापासून ३० दिवसांत सांगायचं असतं. जेवढे कागद कबूल होतील तेवढ्या डॉक्टरांचे आणि तलाठ्यांचे हेलपाटे वाचतील. दोषारोप ठेवला गेला की साक्षीदारांच्या समन्सची यादी त्याच दिवशी द्या. जखमी आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पहिल्या तारखेला, पंच दुसऱ्या, डॉक्टर आणि तपासी अंमलदार शेवटी. प्रत्येकाचा चालू मोबाईल नंबर पैरवी अंमलदाराकडून आदल्या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या.